व्हॉल्व्ह बदलल्यावर ताठरतेची गोळी चालते का?

प्रश्न एका ४८ वर्षांच्या गृहस्थांचा आहे. थोडक्यात असा: "दहा महिन्यांपूर्वी हृदयाचा ऑर्टिक व्हॉल्व्ह बदलला, धातूचा बसवलाय. रक्त पातळ करायची गोळी, ठोके आवरणारं मेटोप्रोलॉल आणि ॲस्पिरिन चालू आहे. तब्येत उत्तम, रोज चालतो. पण तीन-चार महिन्यांपासून ताठरता येते आणि टिकत नाही. मित्राने टाडालाफिल २० ची एक स्ट्रिप आणून दिली आहे. त्याची स्वतःची अँजिओप्लास्टी झाली आहे, तो घेतो, त्याला काही होत नाही. मी घेतली तर व्हॉल्व्ह अडकेल का? रक्त पातळ आहे, तिथे रक्तस्राव होईल का? सर्जनना विचारायचं होतं, पण दर वेळी बरोबर मुलगा असतो."

हा प्रश्न माझ्या ओपीडीत खुर्चीत बसून क्वचितच कोणी विचारतं. औषधं लिहून होतात, फाईल बंद होते, घरचे उठून बाहेर पडतात आणि मग पेशंट दारापर्यंत जाऊन परत येतो. "डॉक्टर, अजून एक होतं." त्या 'अजून एक'मध्ये काय असतं ते मला वीस-बावीस वर्षांच्या सरावाने कळतं. म्हणून आता व्हॉल्व्हच्या पेशंटला तिसऱ्या महिन्याच्या भेटीत मीच विचारतो.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. व्हॉल्व्ह बदललेला आहे एवढ्याच कारणासाठी या गोळ्या बंद नाहीत. ऑपरेशन नीट झालं असेल, हृदयाची ताकद चांगली असेल आणि नायट्रेट गटातलं (छातीदुखीवर देतात ते) कुठलंही औषध चालू नसेल, तर बहुतेकांना या गोळ्या चालतात. तुम्ही त्या 'बहुतेकां'मध्ये बसता का, हे मी इथून सांगू शकत नाही. त्यासाठी तुमचा इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि औषधांची पूर्ण यादी लागेल. पण त्यात काय बघायचं ते सांगतो, म्हणजे डॉक्टरांसमोर प्रश्न नेमका मांडता येईल.

व्हॉल्व्ह अडकण्याची भीती आधी काढून टाकू. धातूच्या व्हॉल्व्हमधली पातं रक्ताच्या दाबाने उघडतात आणि दाबानेच मिटतात. दिवसाला साधारण एक लाख वेळा हे चालतं. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेला, आपल्याकडे हजारो लोकांना बसवलेला व्हॉल्व्ह असो की दोन पातींचा परदेशी, तत्त्व तेच. सिल्डेनाफिल (व्हायग्रामधलं औषध) किंवा टाडालाफिल त्या पात्यांना काही करत नाही. पातं अडकतं ते बहुतेक वेळा त्यावर गुठळी धरल्यामुळे, आणि गुठळी धरते रक्त पातळ करायची गोळी चुकवल्यामुळे. कधी कधी बिजागरीपाशी शरीराचीच ऊती हळूहळू वाढते आणि पातं अडतं, पण त्याचाही या गोळ्यांशी संबंध नाही. तेव्हा व्हॉल्व्हची काळजी असेल तर ती आयएनआरच्या, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणाऱ्या तपासणीच्या, वहीत दाखवा.

मात्र ऑपरेशनच्या आधी तुम्ही हाच प्रश्न विचारला असतात तर मी सरळ नाही म्हटलं असतं. ऑर्टिक व्हॉल्व्ह खूप अरुंद झालेला असतो तेव्हा हृदयाला बाहेर रक्त ढकलायला तेवढीच फट असते. या गोळ्यांनी शरीरातल्या रक्तवाहिन्या सैलावतात. निरोगी हृदय अशा वेळी थोडं जास्त रक्त फेकून दाब सांभाळून घेतं. अरुंद व्हॉल्व्हच्या हृदयाला ते जमत नाही, दाब घसरतो, माणूस चक्कर येऊन पडतो. 'हृदयाच्या झडपेचा आजार असेल तर ही गोळी घेऊ नये' असं जे ऐकायला मिळतं त्याचं मूळ इथे आहे. व्हॉल्व्ह बदलला की ती अडचण बहुतेक वेळा संपते. पण गोळीच्या कागदावरची सावधगिरीची ओळ तशीच राहते आणि लोक ती वाचून घाबरतात.

'बहुतेक वेळा' म्हणालो, कारण काही जणांत नवा व्हॉल्व्ह शरीराच्या मानाने लहान पडतो. धिप्पाड माणूस, पण व्हॉल्व्हची जागा अरुंद, म्हणून १९ नंबरचा बसवावा लागला, असं होतं. तिथे थोडी अडचण उरतेच. तुमच्या शेवटच्या टू-डी इकोच्या रिपोर्टमध्ये ऑर्टिक व्हॉल्व्हपाशी 'मीन ग्रेडियंट', म्हणजे व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक, लिहिलेलं असेल. धातूच्या चांगल्या चालणाऱ्या ऑर्टिक व्हॉल्व्हला तो आकडा साधारण २० च्या खाली असतो. त्याहून वर असेल तर गोळीचा विषय बाजूला ठेवून आधी कारण शोधायचं.

त्याच रिपोर्टात आणखी दोन गोष्टी मी बघतो. एक ईएफ, म्हणजे डावा कप्पा किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते. ५० च्या वर असेल आणि दम लागत नसेल तर काळजी नाही. ३० च्या आसपास असेल, पायाला सूज येत असेल, रात्री उशा लावून झोपावं लागत असेल, तर आधी हृदयाचं औषध बसवायचं, बाकीचं नंतर. दुसरी गोष्ट फुप्फुसाच्या रोहिणीतला दाब. हा मुद्दा तुमच्यापेक्षा मायट्रल व्हॉल्व्हच्या (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या) पेशंटना जास्त लागू आहे. लहानपणी संधिवाताच्या तापाने मायट्रल खराब झालेला असतो, वर्षानुवर्षं दाब मागे फुप्फुसात साचतो आणि ऑपरेशननंतरही पूर्ण उतरत नाही. सिल्डेनाफिल हे फुप्फुसाच्या काही प्रकारच्या उच्च दाबावर दिलं जाणारं औषध आहे, त्यामुळे 'मग या लोकांना तर दुहेरी फायदा होईल' असं वाटणं साहजिक होतं. स्पेनमध्ये व्हॉल्व्हची दुरुस्ती होऊनही दाब चढाच राहिलेल्या २०० रुग्णांवर ते तपासलं गेलं, निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. ४० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सहा महिने. फायदा दूरच, सिल्डेनाफिल घेणाऱ्यांची प्रकृती औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडली. महिन्यातून चार वेळा एक गोळी घेणं आणि रोज तीन घेणं यात फरक आहे, हे मान्य. तरीही असा दाब उरलेल्या पेशंटला मी मोकळ्या हाताने गोळी लिहून देत नाही.

आता ज्याने माणूस खरोखर दगावू शकतो त्याकडे येतो.

शरीर रक्तवाहिन्या सैल करायला नायट्रिक ऑक्साइड वापरतं. त्यापासून पुढे एक संदेश तयार होतो, काम झालं की एक एन्झाइम तो मोडून टाकतं. सिल्डेनाफिल, टाडालाफिल, व्हार्डेनाफिल, अव्हानाफिल ही सगळी भावंडं त्या एन्झाइमला अडवतात. नायट्रेट म्हणजे नळ पूर्ण सोडणं आणि या गोळ्या म्हणजे मोरीत बोळा घालणं. एकेकटं असेल तर निभावतं. दोन्ही एकदम केलंत तर घरभर पाणी. रक्तदाब असा कोसळतो की मेंदूला आणि हृदयाला रक्त पुरत नाही.

नायट्रेट म्हणजे कोणतं, तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, रोज घ्यायच्या आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट किंवा डायनायट्रेटच्या गोळ्या, नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या, स्प्रे किंवा छातीला चिकटवायची पट्टी. यात आपल्याकडे हमखास विसरलं जाणारं नाव निकोरँडिल. नावात नायट्रेट नाही, म्हणून ते कोणाच्या ध्यानात येत नाही, पण काम तेच करतं आणि बंदीही तीच. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट द्यायचं नाही, हा नियम आहे.

हा नियम मी पुस्तकात वाचला होता, पण शिकलो एका रात्री. मी तेव्हा नवशिका होतो, एका रुग्णालयात रात्रपाळीला. दीडच्या सुमाराला पन्नाशीचे एक गृहस्थ छातीत दुखतंय म्हणून आले. छातीवर मधोमध जुना व्रण, दोन वर्षांपूर्वी व्हॉल्व्ह आणि एक बायपास एकाच वेळी झालेलं. मी विचारलं, आज काही वेगळं औषध घेतलं का? त्यांनी बायकोकडे बघितलं आणि नाही म्हणाले. मी नर्सला जिभेखाली गोळी द्यायला सांगितली. पाच मिनिटांत अंग गार, घामाने चादर ओली, वरचा दाब ७०. पाय वर केले, सलाईन धावतं सोडलं. ॲड्रेनालिन हाताशी काढून ठेवलं, वापरावं लागलं नाही. माणूस वाचला. पहाटे त्यांचा शर्ट घडी करताना बायकोला खिशात स्ट्रिप सापडली, चार गोळ्यांची, एक कमी. तिने ती माझ्या हातात दिली आणि काहीच बोलली नाही. चूक त्यांची जेवढी तेवढीच माझी. घरच्यांसमोर तो प्रश्न विचारून खरं उत्तर मिळेल अशी अपेक्षाच चुकीची होती. त्या दिवसापासून मी आधी सगळ्यांना पडद्याबाहेर काढतो आणि गोळ्यांची नावं घेऊन विचारतो.

तुमच्या बाबतीत जमेची बाजू अशी की नुसता व्हॉल्व्हचा आजार असलेल्या माणसाला सहसा नायट्रेट लागत नाही. तुमच्या वयाच्या पुरुषाची व्हॉल्व्हच्या ऑपरेशनआधी अँजिओग्राफी केलेली असते. फाईलमधला तो रिपोर्ट काढा. वाहिन्या स्वच्छ असतील तर निम्मं ओझं उतरलं.

बाकीच्या औषधांचं जरा भरभर सांगतो. रक्तस्राव होईल का, या प्रश्नाचं उत्तर: या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम लक्षणीय बदलत नाहीत, ॲस्पिरिनबरोबरही चालतात. ॲसिनोकौमारॉल हे वॉरफरिनचंच भावंड, त्यातही मला कधी आयएनआर हललेला दिसला नाही. तरी पहिल्या काही डोसांनंतर एकदा तपासून घ्या, काही बिघडत नाही. लिंगात घ्यायचं इंजेक्शन किंवा हवेने खेचायचा पंप यांनी मात्र रक्त पातळ असताना काळं-निळं होतं, गाठही धरते. ते उपाय आपल्या मनाने करू नका. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा रक्तदाबासाठी प्रॅझोसिन चालू असेल तर दाब जास्त उतरतो, तिथे अगदी लहान डोसने सुरुवात करतात. डिल्टियाझेमने या गोळीची रक्तातली पातळी वाढते. आणि नायट्यासाठी त्वचेचे डॉक्टर हल्ली महिना-महिना इट्राकोनॅझॉल देतात, त्याने ती कितीतरी जास्त वाढते, शिवाय आयएनआरही चढू शकतो. हृदयाच्या डॉक्टरला नायट्याचं औषध सांगायचं असतं हे कोणाला सुचत नाही. सांगा.

गोळीएवढाच त्या क्रियेचा श्रम महत्त्वाचा असतो आणि त्याबद्दल लोकांच्या कल्पना अफाट आहेत. नेहमीच्या जोडीदाराबरोबर, घरच्या घरी, हा श्रम दोन मजले झपाझप चढण्याएवढा असतो. तुम्ही रोज चालता म्हणता. दोन जिने न थांबता चढून दम लागत नसेल, छाती भरून येत नसेल, तर हृदय त्या श्रमाला तयार आहे. शंका असेल तर ट्रेडमिलची तपासणी करून घ्यावी. छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, ते तुमचं कधीच जुळलं. एक अपवाद मुद्दाम सांगतो. काहींचा ऑर्टिक व्हॉल्व्ह जन्मतः तीनऐवजी दोन पाकळ्यांचा असतो आणि त्यांची महारोहिणीही (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फुगलेली असू शकते. ती ऑपरेशनमध्ये बदलली नसेल आणि आजही रुंद असेल, तर जोर लावण्यावर मर्यादा येतात. डिस्चार्ज कार्डावर 'बायकस्पिड' हा शब्द आहे का ते बघा, असेल तर रोहिणीचं माप विचारून घ्या.

आता थोडं उलट बाजूने. तुम्ही गोळी विचारलीत, मला तुमची तक्रार का सुरू झाली हे जाणून घ्यायचं आहे. सहा महिने ठीक आणि मग बिघडलं. पहिला संशय लोक मेटोप्रोलॉलवर घेतात. थोडा खराही आहे, पण एक इटालियन अभ्यास मी पेशंटना नेहमी सांगतो. ९६ पुरुषांना मेटोप्रोलॉलच्याच गटातलं ॲटेनोलॉल दिलं. ज्यांना गोळीचं नावही माहीत नव्हतं त्यांच्यात ही तक्रार सुमारे ३ टक्क्यांना आली. नाव माहीत असलेल्यांत १५ टक्क्यांहून अधिक. आणि 'याने ताठरता कमी होऊ शकते' असं सांगितलेल्यांत ३१ टक्के. गोळी तीच. तेव्हा कोणी तुमच्या कानात काही घातलंय का ते आठवा. आणि कृपा करून मेटोप्रोलॉल स्वतःहून बंद करू नका. एकदम बंद केलं तर ठोके बेफाम होतात. गरज वाटली तर डॉक्टर ते बदलून त्याच गटातलं नेबिव्होलॉल देऊ शकतात.

पहाटे झोपेत ताठरता येते का? येत असेल तर रक्तवाहिन्या आणि नसा बऱ्यापैकी शाबूत आहेत, अडचण बहुधा मनात आहे. येत नसेल तर साखर, थायरॉइड आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन तपासावं. व्हॉल्व्हच्या पेशंटमध्ये मनातली अडचण मी फार बघतो आणि ती बहुधा दोघांची असते. रात्रीच्या शांततेत धातूच्या व्हॉल्व्हची टिकटिक ऐकू येते. एकांताच्या वेळी ठोके वाढतात तशी ती टिकटिक वाढते, आणि बायको घाबरून म्हणते, राहू दे. एका बाईंनी मला सांगितलं होतं, "मी घड्याळ मोजत बसते, डॉक्टर, बाकी कशात लक्षच लागत नाही." त्या जोडप्याला मी गोळी दिलीच नाही. दोघांना समोर बसवलं, नवऱ्याला दवाखान्याचे दोन जिने चढायला लावले, आणि वर पोचल्यावर तिला त्याच्या छातीला कान लावायला सांगितला. टिकटिक जोरात, माणूस हसत उभा.

गोळी द्यायचीच ठरली तर माझी पद्धत अशी. पहिल्यांदा टाडालाफिल २० कधीच नाही. त्याचा असर ३६ तासांपर्यंत राहतो, म्हणजे काही बिनसलं तर दोन दिवस डॉक्टरांचे हात बांधलेले. मी सिल्डेनाफिल २५ किंवा ५० ने सुरू करतो, चार-सहा तासांत बराचसा जोर ओसरतो. जड, तेलकट जेवणावर घेतली तर उशिरा लागते आणि लोक 'चढली नाही' म्हणून दुसरी घेतात, ते करायचं नाही. दारूबरोबर नाही. आणि पहिली गोळी कुठलाही बेत न ठेवता, एखाद्या रिकाम्या संध्याकाळी घ्यायला सांगतो. घेण्याआधी दाब मोजा, तासाभराने बसून मोजा, मग उभं राहून मोजा. सरासरी आठ-दहा अंक उतरतो, तेवढा चालतो. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा वरचा आकडा १०० च्या खाली गेला तर मला फोन. डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं हे नेहमीचं आहे. अचानक दिसेनासं किंवा ऐकू येईनासं झालं, किंवा ताठरता चार तास उतरलीच नाही, तर सरळ रुग्णालय गाठा.

'आयुर्वेदिक आहे, निर्धोक आहे' म्हणून मिळणाऱ्या शक्तिवर्धक कॅप्सूलपासून मात्र लांब राहा. अशा मालात सिल्डेनाफिल मिसळलेलं असल्याचं अनेक देशांच्या औषध प्रशासनांना वेळोवेळी आढळलंय. किती मिसळलंय हे डबीवर लिहिलेलं नसतं, आणि ती वनस्पती तुमच्या आयएनआरचं काय करेल हेही कोणी सांगू शकत नाही.

मुलाची अडचण सोपी आहे. तपासणी संपली की त्याला खाली मेडिकलमध्ये औषधं आणायला पाठवा. नाहीतर चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांपुढे सरकवा: 'सिल्डेनाफिल चालेल का? नायट्रेट चालू नाही. इको सोबत आहे.' कोणीही हसणार नाही. आणि गोळी सुरू केलीत तर बायकोला सांगूनच करा. छातीत दुखायला लागलं आणि तुम्हाला बोलता आलं नाही, तर कॅज्युअल्टीत ते सांगणारं कोणीतरी हवं.

मित्राची स्ट्रिप परत देऊन टाका. देताना त्याला विचारा, अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी पाकिटात बाळगायला सांगितली आहे का, आणि रोजच्या गोळ्यांत निकोरँडिल आहे का. त्याला आजवर काही झालेलं नाही, ते टाडालाफिल आणि यांतली एखादी गोळी अजून एकाच रात्री पोटात गेल्या नाहीत म्हणून असू शकतं. हे त्याला आज रात्रीच्या आत सांगा.